फ्रिजच्या दारात

उन्हाळ्यात आमच्याकडे अंडी बंद,
म्हणून अंड्यांच्या खळग्यांत उभ्या आहेत
गोंदाच्या सात कांड्या,
टोपणं टक्क वाजेपर्यंत दाबलेली.
मानेवाड्याच्या या गच्चीखालच्या खोलीत
शेहेचाळीस हा नुसता पेपरातला आकडा नसतो.
एप्रिलातच एक कांडी टेबलावर विसरले,
चार वाजता बघते तर तिची लापशी,
गांधीबागेतून आणलेल्या पिवळ्या सुती कापडावर.
तेव्हापासून एका वेळी एकच बाहेर,
तीही कूलरच्या तोंडाशी.

भोयर सरांनी ट्रंक आणून ठेवली.
आत एकेचाळीस शाली.
"सत्काराच्या आहेत," म्हणाले,
"अंगावर फोटो निघेपर्यंतच असतात.
गोधडी होईल काय, रत्नमालाताई?"
होईल म्हणाले, आणि फसले.

सत्काराची शाल. कसलं ते कापड!
टाचणी लावावी तर वरचा तुकडा बुटीबोरीला,
खालचा कामठीला.
इथं कांडीच पाहिजे.
शिवणीच्या आतल्या बाजूला, काठाशी,
मुगाच्या दाण्याएवढा ठिपका,
सुई जाणार ती रेघ सोडून.
सुईच्या वाटेत गोंद आला की ती टाके गाळते,
मग ओल्या फडक्यानं
तिचं तोंड पुसत बसा.
वरून इस्त्री, कोमट,
ठेवायची आणि उचलायची, घासायची नाही.
घासली की शाल रुसते, चकाकते, आखडते.

वरच्या मजल्यावरची रुपल सुट्टीत मदतीला येते.
पहिल्या दिवशी तिनं
पोळीला तूप लावावं तसा गोंद लावला.
अर्धी कांडी संपली, तीन तुकडे कडक पापड.
मी काही बोलले नाही.
(बोलले. बरंच बोलले.)

सर प्रगती बघायला आले ते बाराच्या उन्हात.
पाण्यासाठी फ्रिज उघडला तर मागून विचारतात,
"हे काऊन ठेवलं इथं? ओठाले लावता काय?"
सांगितलं. खूप हसले, ठसका लागेपर्यंत.
मग म्हणाले, आमच्या शाळेत भित्तिपत्रक असायचं,
बाभळीचा डिंक, औषधाच्या बाटलीत भिजवलेला.
एकदा मुंग्या लागल्या.
सहावीतल्या एका पोरीची कविता
खाऊन टाकली पूर्ण,
नाव तेवढं ठेवलं.

नंतर शालींवरून हात फिरवत बसले.
ही कुणी दिली? आठवत नाही.
ही? बँकेची असेल. ही? असेल कुणाची.
तळाशी एक सुती दुपट्टा निघाला,
हिरव्या काठाचा, धुऊन धुऊन विटलेला.
"ही शाल नाही," सर म्हणाले,
"आमचा शिपाई होता, तुकाराम वाढई.
माझ्या निरोपाच्या दिवशी
स्वतःच्या खांद्यावरचा काढून दिला."
मधोमध लावा म्हणाले.
मग, नको, कोपऱ्यात.
मग चहा झाल्यावर, मधोमधच बरा.
तीनदा चिकटवला, तीनदा सोडवला,
थंड पाण्याचा एकेक थेंब
आणि बोटाची सावकाश कड.
दोऱ्यानं शिवला असता
तर इतकं ऐकलं नसतं त्यांचं.

रात्री लाईट गेली.
दीड वाजला, दोन वाजले,
गल्लीतले सगळे कूलर मुके.
उठले, अंधारात फ्रिज चाचपला,
कांड्या ओल्या फडक्यात गुंडाळून
माठाच्या सावलीत ठेवल्या.
टेबलावर गोधडी पसरलेली,
एकही टाका पडलेला नाही अजून,
चाळीस हार-तुरे, चाळीस भाषणं
आणि मधोमध एक दुपट्टा,
ठिपक्या-ठिपक्यांवर टेकून.
खिडकीतून गरम वारा आला,
एक कोपरा हलला जरासा.
मी त्यावर कात्रीची पेटी ठेवली,
आणि वरून हात.